ओल्या गोणपाटातली लस

वच्छलेचं लग्न झालं त्याच्या पुढच्या चैत्रातली ही गोष्ट. वच्छला माझी थोरली मुलगी. लग्न सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात लागलं, म्हणजे हे साल अठ्ठ्याऐंशी. एप्रिलची तीन तारीख, रविवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी प्रयोगशाळेतल्या ऊबपेटीच्या दाराला हात लावला आणि हात भाजला.

ऊबपेटी म्हणजे लोखंडी कपाट. आत विजेची तार. गाईच्या अंगात असते तेवढी ऊब त्यात रात्रंदिवस राहायची. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता हेरवाडकरबाईंनी काचेच्या सहा मोठ्या बाटल्यांत जंतू पेरले, कापसाची बुचं बसवली आणि बाटल्या पेटीत ठेवल्या. बाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. दूध संघाची ती छोटी प्रयोगशाळा त्याच चालवायच्या, आणि मी त्यांचा शिपाई. आईला बघायला सोलापूरला निघताना त्या मला म्हणाल्या होत्या, "लिंगूमामा, उद्या सकाळी येते. तोवर दार उघडायचं नाही. आकाश कोसळलं तरी नाही."

"न्हाई उघडत, बाई."

"तुमच्या लेकीच्या गाईंची लस आहे ही. एवढं ध्यानात ठेवा."

ते ध्यानात होतं म्हणून तर मी दर अर्ध्या तासानं दाराला हात लावत होतो.

हात भाजल्यावर मी आधी बटण बंद केलं. पेटीच्या मागं ऊब कमीजास्त करणारी कळ होती, ती अडकली होती. हातोड्याच्या दांड्यानं दोनदा ठोकली तेव्हा सुटली. पण पेटी आतून तव्यासारखी तापलेली. बाटल्या आत ठेवल्या असत्या तर शिजल्या असत्या. बाईंना विचारावं तर त्या एस.टी.त होत्या. मी दार उघडलं.

मी जातीचा गवळी. माझ्या आज्यापासून आमच्या घरात म्हशी होत्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या गेल्या आणि मी पुढं नोकरीला लागलो, पण हात गवळ्याचेच राहिले. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून काय करायचं ते हातांना विचारावं लागत नाही. मागच्या पडवीत पाण्याचे माठ होते, माठांखाली ओली वाळू होती आणि दोन्ही बाजूंनी वारा येत होता. मी सहाही बाटल्या त्या वाळूत रोवल्या, भोवती गोणपाट गुंडाळलं, बुचं तेवढी कोरडी ठेवली, आणि दिवसभर तासातासाला गोणपाटावर पाणी मारत बसलो. बाहेर ऊन असं होतं की पत्र्यावरचे कावळे चोची उघड्या टाकून बसले होते. गोणपाटाखाली बाटल्या गारेगार. मला वाटलं, वाचवल्या.

सोमवारी बाई यायच्या जरा आधी बाटल्या पुसून परत पेटीत ठेवल्या. रात्रभर पेटी रिकामीच चालवून बघितली होती, ती आता नीट चालत होती. बाई नऊला आल्या, दार उघडून एक बाटली उजेडात धरली. काल चहाच्या पाण्यासारखी नितळ होती, आज ताकाच्या निवळीसारखी गढूळ झाली होती.

"वा!" बाई म्हणाल्या. "छान वाढलेत. काही त्रास झाला नाही ना मामा?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण बाईंचा चेहरा खुशीत होता, बाटल्या गढूळ झाल्या होत्या, आणि मी मोडू नये तो हुकूम मोडला होता.

"न्हाई बाई," मी म्हणालो. "कसला तरास."

ही लस कशाची ते सांगितलं पाहिजे. वासरू जन्मलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला पांढरी हगवण लागायची. पाण्यासारखी. डोळे खोल जायचे, कान गार पडायचे, आणि दिवसाच्या आत वासरू संपायचं. बाईंनी एकदा मला त्याचं कारण सांगितलं होतं. माझ्या धोतराला लागलेलं कुसळ काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं होतं.

"हे धोतराला का चिकटलं, मामा?"

"त्याला बारीक काटं असत्यात."

"या जंतूच्या अंगावरही तसेच केस असतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्या केसांनी तो वासराच्या आतड्याला धरून बसतो. पहिले तीन-चार दिवसच धरता येतं त्याला, पुढं आतडं तसं राहत नाही. धरता आलं नाही, तर शेणाबरोबर वाहून जातो बिचारा. काही करू शकत नाही."

"मग लशीनं काय हुतं?"

"गाभण गाईला हे मेलेले जंतू टोचायचे. तिचं रक्त ते केस ओळखायला शिकतं आणि त्यावर तोड तयार करतं. ती तोड चिकात उतरते. वासरू चीक प्यालं, की जंतूच्या केसांना ती तोड आधीच झोंबते. मग तो आतड्याला धरणार कशानं?"

केस आहेत की नाहीत हे बघायची एक रीत होती, आणि ती बाईंनी मला शिकवली होती. मला तेव्हा अक्षर वाचता येत नव्हतं, पण हे वाचता यायचं. पांढऱ्या फरशीवर घोडीच्या, मिठाच्या पाण्यात धुतलेल्या रक्ताचा एक थेंब टाकायचा, शेजारी बाटलीतला एक थेंब, काडीनं ढवळायचं आणि फरशी हळूहळू डोलवायची. केस असले की रक्ताचे कण त्यांना अडकून एकमेकांना धरायचे आणि थेंब नासक्या दुधासारखा रवाळ फाटायचा. केस नसले तर तसाच लाल, एकसारखा राहायचा. बाई म्हणायच्या, माझी नजर त्यांच्याहून पक्की आहे.

पण त्या सोमवारी रक्तच नव्हतं. टांगेवाल्या हुसेनभाईची घोडी येरमाळ्याच्या यात्रेला भाडं घेऊन गेली होती.

"आल्यावर बघू," बाई म्हणाल्या. "मेलेल्या जंतूचे केस कुठं जात नाहीत." त्यांनी औषध घालून जंतू मारले आणि बाटल्या दहा-बारा दिवस ठेवून दिल्या. आत दुसरी काही घाण वाढत नाही ना, ते बघायला तेवढे दिवस लागायचे.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कारण महिन्याभरापूर्वी मी वच्छलेच्या सासरी, धनेवाडीला जाऊन आलो होतो. तिची सासू, गौराबाई, गोठ्याच्या दारातच मला म्हणाली होती, "या पावणं. बघा तुमच्या लेकीचा पायगुण. उंबरा वलांडून आली आन सा म्हैन्यात तीन वासरं मेली. आमच्या गोठ्यात कदी असं झालं न्हवतं."

"विहीणबाई, त्यो रोग हाय. सगळीकडं हाय."

"सगळीकडं असंल. आमच्यात तुमच्या लेकीसंगं आला. आता चार गायी गाभण हायती. ही वासरं गेली तर पोरगी तुमची तुमच्याकडं. मी महालिंगला तसं सांगूनच ठिवलंय."

जावई महालिंग तिथंच उभा होता. मान खाली. वच्छला शेणाची पाटी घेऊन आमच्यामधून गेली, आणि जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तिथंच शब्द दिला. लस आणतो म्हणालो. चारही वासरं जगतील म्हणालो.

पंधरा एप्रिलला शुक्रवारी घोडी परत आली. सकाळीच मी हुसेनभाईकडं गेलो.

"घ्या मामा, काढा," तो म्हणाला. "घोडी यात्रेला जाऊन आलीया, रक्तसुद्धा पाक झालं असंल. पर एक सांगतो, एवढं रक्त न्हेताय आन हिला कदी एक पेंढी आणली न्हाई तुमी. एखाद्या दिशी टांग्याला तुमालाच जुंपीन."

मी हसलो असेन. परत येऊन रक्त धुतलं आणि फरशी पुसून घेतली. बाहेर जीप लागली होती, बाई सुया उकळत होत्या, जेवण करून धनेवाडीला निघायचं होतं. बाईंनी आतूनच हाक दिली, "मामा, तेवढा थेंब बघून घ्या. मी हात धुतलेत."

मी थेंब टाकला. ढवळला. फरशी डोलवली.

थेंब लालच राहिला.

म्हटलं, रक्त शिळं असेल. पण ते तासाभरापूर्वीचं होतं. दुसऱ्या बाटलीतला थेंब घेतला. मग तिसऱ्या. फाल्गुनातल्या जुन्या लशीची एक कुपी फडताळात होती, तिच्यातला थेंब टाकला तर बघता बघता फाटला, कण्या कण्या झाल्या. म्हणजे रक्त चांगलं होतं. मी पुन्हा आमच्या बाटलीतला टाकला. लाल, गुळगुळीत, कुंकवाच्या पाण्यासारखा. कितीही डोलवला तरी तसाच.

"फाटलं का हो मामा?"

मी फरशीकडं बघत होतो. मला एवढंच दिसत होतं की आज लस गेली नाही, तर मी गौराबाईला तोंड दाखवू शकणार नाही.

"फाटलं," मी म्हणालो.

आणि फरशी नळाखाली धरली.

जीपमध्ये बाई पुढं आणि मी मागं, मांडीवर लशीचा डबा. वाटेत बाई मागं वळून बोलत होत्या. "वेळेवर जातोय आपण. दोन गाई मेच्या दुसऱ्या आठवड्यात वितील, म्हणजे पंचवीस दिवस हातात आहेत. तीन आठवडे तरी लागतातच चिकात उतरायला. बाकी दोन जूनमधल्या, त्यांची काळजी नाही." मी हं हं करत होतो. मनात म्हणत होतो, थेंबाचं काय, कधी चुकतोही. बाई एवढ्या शिकलेल्या, त्यांनी बाटली उजेडात बघितली तेव्हा वा म्हणाल्या. गढूळ तर झालंच होतं ना.

गोठ्यात चारही गाई एका ओळीत बांधल्या होत्या. हरणी, तांबू, मोरणी आणि कपिला. महालिंगनं हरणीची वेसण धरली. गौराबाई दारात फळीवर बसली होती. वच्छला पाण्याची बादली घेऊन माझ्या शेजारी आली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, हिच्यानं नक्की गुण येतो ना? मी रोज रात्री ह्या गायींच्या पोटाला हात लावून बघती. हरणीचं तर आत लाथा मारतंय."

मी कुप्यांचा डबा उघडून बाईंपुढं धरला.

बाईंनी कुपी उलटी धरून लस ओढली. सुई वर करून हवा काढली. हरणीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली.

"अण्णा?" वच्छला म्हणाली.

"बाई, थांबा," मी म्हणालो.

बाई थांबल्या. चिमटीतली कातडी तशीच होती.

"फाटलं न्हाई."

"काय?"

"थेंब. फाटला न्हाई. मी खोटं बोललो. चार डाव टाकून बघितला, लालच ऱ्हायला. जुन्या कुपीतला फाटला."

बाईंनी कातडी सोडली. सुईवर टोपण घातलं. मग ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं अशा हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, त्या रविवारी काय झालं?"

मी सगळं सांगितलं. तापलेली पेटी, अडकलेली कळ, माठाखालची वाळू, गोणपाट, तासातासाचं पाणी. सांगताना माझं मलाच वाटत होतं की यात चुकलं काय, मी तर जिवापाड जपलं.

बाई गव्हाणीच्या कडेवर बसल्या.

"गार जागेत तो जंतू वाढतो, मामा," त्या म्हणाल्या. "सावकाश वाढतो, पण वाढतो. पाणी गढूळही करतो. फक्त अंगावर केस येऊ देत नाही. गाईच्या अंगाएवढी ऊब लागली, की त्याला कळतं आपण जनावराच्या पोटात आलो, आता धरायला पाहिजे. तेव्हाच तो केस काढतो. तुम्ही सहा बाटल्या बोडके जंतू वाढवलेत." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "नुसत्या टेबलावर ठेवल्या असत्या तरी चाललं असतं हो. चाळीस डिग्री ऊन होतं."

"मग ह्ये टोचायचं काय?" महालिंगनं विचारलं.

"हे पाणी आहे. टोचून काही होणार नाही. चारही वासरं उघडी पडतील."

गौराबाई फळीवरून उठली. "ऐकलंस का महालिंग? बाप पानी घिऊन आला आमच्या गायीस्नी टोचायला. पोरगीनं तीन खाल्ली, बाप चार खायला आलाय." मग माझ्याकडं वळली. "पावणं, हितं थांबू नगा. लेकीचं लुगडं-चोळी बांधा आन जीपमधी घाला. आत्ताच."

मी खरंच वच्छलेकडं बघितलं. मला वाटलं, न्यावं. निदान रोजचं बोलणं तरी थांबेल.

बाई उभ्या राहिल्या. "आजी, मी एक सांगू का? मी उद्या नवी लस पेरते. ती तयार व्हायला बारा दिवस लागतील. तोवर या दोघींना उशीर झालेला असेल." त्यांनी हरणी आणि तांबूकडं बोट केलं. "यांची वासरं बहुतेक वाचणार नाहीत. पलीकडच्या दोघींना वेळेवर मिळेल, त्यांची वाचतील. आजच सांगून ठेवते. चुकलं तर मला गावात येऊ देऊ नका."

"म्हंजी आदीच सांगून मोकळ्या," गौराबाई म्हणाली. "आन दोन मेल्यावर काय करायचं? आरती?"

तेव्हा वच्छलेनं बादली खाली ठेवली. लग्नानंतर सासूसमोर तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"मी न्हाई जात," ती म्हणाली. "आत्याबाई, चारी गायी इल्याबिगर मी ह्या गोठ्यातनं हलत न्हाई. चारी वासरं मेली तर माझी मी चालत जाईन, जीप नगं. पर दोन मेली आन दोन जगली, तर मग तुमीच सांगा, माझा पांढरा पाय कुठला? डावा का उजवा?"

महालिंगला हसू आलं. त्यानं हरणीच्या मानेआड तोंड लपवलं, पण गौराबाईनं बघितलं. ती तडक घरात गेली.

निघताना वच्छला जीपजवळ आली. "किती दिस झालं अण्णा, त्या रविवारला?"

"बारा."

"आन नवी लस बारा दिसात हुती."

"हो."

ती हिशोब करत होती आणि तो मलाही येत होता. मी त्या सोमवारी खरं सांगितलं असतं, तर आजच्या जीपमध्ये दुसरीच लस असती, फार तर एका दिवसाच्या उशिरानं. आणि चारही गाईंना वेळेवर मिळाली असती.

परतीच्या वाटेत बाई पुढं बघत बसल्या होत्या. मी ठरवलं होतं, उतरल्यावर चावी त्यांच्या हातात द्यायची. प्रयोगशाळेच्या फाटकाशी मी चावी पुढं केली तर त्या म्हणाल्या, "ती ठेवा तुमच्याजवळ. उद्या नऊला पेरायचं आहे. तुम्ही पेटीजवळ बसायचं. तासातासाला पारा बघायचा आणि लिहायचं."

"बाई, मला लिवता येत न्हाई."

"ठाऊक आहे. बसा आत."

त्यांनी टेबलावर पाटी घेतली आणि मला सदतीस काढायला शिकवला. एक्कावन्न वर्षांचा होतो मी. तीनच्या पोटात गाठ पडायची, साताची शेपटी भलतीकडं जायची. दिवे लागेपर्यंत बाई शेजारी बसून राहिल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा लिहिता आलं ते नाव नव्हे, सदतीस. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी पेटीजवळ बसलो आणि वहीत सदतीसाखाली सदतीस काढत गेलो. एकदा पारा अडतीसावर गेला, तर मी धावत जाऊन बाईंना आणलं, कारण आठ कसा काढतात ते मला माहीत नव्हतं. पुढची अक्षरं मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर शिकलो.

या वेळचा थेंब बाईंनी स्वतः टाकला. टाकताक्षणी फाटला. त्यांनी फरशी माझ्यापुढं धरली. "बोला."

"फाटलं, बाई."

"आता खरं ना?"

"खरं."

अठ्ठावीस एप्रिलला मोरणी आणि कपिलेला टोचलं. हरणी आणि तांबूलाही टोचलं, पण बाईंनी तेव्हाच सांगितलं की हे मनाच्या समाधानासाठी आहे. गौराबाई बाहेर आली नाही.

मेमध्ये जे व्हायचं ते झालं. मी दोन्ही वेळा गेलो होतो. वच्छला वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसायची, मीठ-साखरेचं पाणी बोटानं त्याच्या तोंडात सोडायची. दुसरं वासरू पुरून आल्यावर गौराबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "झाली दोन." आणि मग सगळ्यांनी जून येण्याची वाट बघितली.

मोरणी बारा जूनला व्यायली, कपिला अठराला. दोन्ही कालवडी. उभ्या राहिल्या तशी वच्छलेनं त्यांना कासेला लावलं आणि पोट भरून चीक पाजला. तिसरा दिवस गेला. चौथा गेला. मोरणीच्या कालवडीला एक दिवस पातळ झालं, पण दुसऱ्या दिवशी ती गोठाभर उड्या मारत होती. शेवटी बाई बघायला आल्या. गौराबाई त्याच फळीवर बसली होती. दोन्ही कालवडी तिच्या पदराला तोंड लावत होत्या आणि ती त्यांना ढकलत नव्हती.

"आजी, काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

"म्हनायचं काय," गौराबाई म्हणाली. "गोठा त्योच, सून तीच. पुढच्या साली समद्यास्नी टोचा. आन वेळंवर टोचा." मग आत बघून तिनं हाक दिली, "वच्छे, डॉक्टरीणबाईस्नी च्या ठिव. तुज्या बापालाबी दे कपभर."

वच्छलेनं चहा आणून दिला. कप माझ्या हातात देताना ती म्हणाली, "अण्णा, आता तुमाला आकडं येत्यात म्हनं. मग ह्या वासरांच्या तारखा लिवून ठेवा कुठंतरी. त्या दोघांच्याबी."

पुढं लिहिता यायला लागल्यावर मी त्या लिहून ठेवल्या. हरणीची कालवड बुधवारी, अकरा मे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीला, सूर्य उगवायच्या सुमारास मेली. तांबूचा गोऱ्हा त्याच आठवड्यात रविवारी, पंधरा मेला, दुपारी दोन वाजता मेला.